चार नंबरच्या टाकीतला वास

मिलिंद, तुझी बिअर मी चाखली. तू गेल्यावर सत्ताविसाव्या दिवशी, दुपारी पावणेबाराला, चार नंबरच्या टाकीसमोर उभं राहून. अस्मिताने स्टूल पुढे केलं होतं, पण बसावंसं वाटेना. टाकीवर तू चिकटपट्टी लावून ठेवली होतीस आणि तिच्यावर मार्करने लिहिलं होतंस, ‘वहिनीने चाखल्याशिवाय नळ उघडायचा नाही.’ अक्षर नेहमीसारखंच, उजवीकडे घसरत गेलेलं. अस्मिताचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “वहिनी, मी तुमच्यासाठी चार दिवस थांबलेय. आता अजून थांबलं तर मसाला जास्त उतरेल.” मग मी गेले.

पुढे काय झालं ते तुला सांगायचंय. आणि त्याच्या आधीचंही एक सांगायचंय, तू समोर बसलेला असताना जे मी गिळून टाकलं.

मी लग्न होऊन पिंपळगावच्या घरात आले तेव्हा तू नववीत होतास. पहिल्याच आठवड्यात मी काळ्या मसाल्याची आमटी केली. तू वाटीवर वाकलास, दोनदा श्वास घेतलास आणि म्हणालास, “वहिनी, ह्यात दगडफूल जास्त झालंय.” तुझे दादा तुझ्यावर ओरडले, नव्या माणसाला असं बोलतात का म्हणून. मी मात्र आतून उडालेच. चांदवडला आमच्या घरी माझ्या आईशिवाय कोणालाच आमटीतलं दगडफूल वेगळं कळायचं नाही. मला कळायचं, पण मी बोलायची नाही. त्या वाटीपासून तुझं-माझं जमलं. तुमच्या आई गेल्या, आपण तिघं नाशिकरोडला आलो, दादांना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कायम केलं, मी जेल रोडला मसाला कांडपाचं मशीन टाकलं. तू केमिस्ट्री केलीस, अकरा वर्षं वाइनच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळलीस आणि मग एक दिवस सगळं सोडून अस्मिताबरोबर भागीदारीत गंगापूर धरणाच्या वाटेवर बिअर करायला लागलास. नातेवाइकांत दादा ‘खाद्यपदार्थांचं युनिट’ म्हणून सांगायचे. तुला ते लागायचं, हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी तुझी बिअर एकदाही तोंडाला लावली नाही.

मला लावायला लावलीस ती तू. “गिळू नका पाहिजे तर, थुंका. पण मला तुमचं नाक पाहिजे.” मी दिवसभर मिरच्या कांडणारी बाई. सोनसाखळी घातलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका समोर बसलेल्या असायच्या आणि तू मागच्या दाराने येऊन स्टीलच्या फुलपात्रात काहीतरी आणून द्यायचास. बाकीच्या बिअर मला कळल्या नाहीत. कडू पाणी. पण स्टाउट आणलीस ना, काळीकुट्ट, गुळाच्या चिक्कीच्या रंगाचा फेस असलेली, ती मला दारू वाटलीच नाही. खरपूस भाजलेलं जव, करपायच्या जरा आधी उतरवलेली कॉफी, पातेल्याच्या तळाला धरलेला गूळ. मी म्हटलं, “ह्यात मसाला चालेल.” तू फुलपात्र माझ्या हातातून काढून घेतलंस आणि म्हणालास, “हेच ऐकायला आलो होतो.”

तेव्हापासून आपले प्रयोग चालू झाले. मसाला वेलची, जायपत्री, नागकेशर, कबाबचिनी. आपलं सगळ्यात मोठं भांडण तेलावरून. दगडफूल तेलात परतल्याशिवाय बोलत नाही, असं माझं म्हणणं. तेलाचा थेंब पडला तर बिअरचा फेस बसतो, असं तुझं. तीन दिवस आपण बोललो नाही. शेवटी मी ते कोरड्या तव्यावर, अगदी मंद आचेवर, वीस मिनिटं उभी राहून भाजलं आणि तुला जिंकू दिलं. फेस टिकला. पण अजूनही सांगते, तेलात ते जास्त चांगलं लागतं.

तो वास तू पहिल्यांदा बोलून दाखवलास तो गेल्या वर्षीच्या मिरचीच्या हंगामात. मशीन चालू होतं, हवेत लाल धूळ होती, आणि तू मधेच मान वर करून म्हणालास, “वहिनी, हे कसलं येतंय?” मी म्हटलं, “मिरची.” तू म्हणालास, “नाही, त्याच्या खालून.”

मग तो तुझ्या डोक्यातच बसला. आठवड्यातून एकदा यायचा, मग दोनदा. कधी बिअरच्या टाक्या धुताना, कधी घरी तुझ्या वरच्या खोलीत, कधी स्कूटरवर. यायचा आणि अर्ध्या मिनिटात जायचा. तुला तो नेमका सांगता येईना आणि त्याचाच तुला छंद लागला. “धूर आहे, पण थंड आहे.” “चुलीत पाणी मारल्यावर येतो ना, तो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी येईल, तसा.” एकदा तू म्हणालास, “कोणीतरी आत्ताच खोलीतून उठून गेलंय आणि त्याचा वास मागे राहिलाय, असं वाटतं.” मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, “असलं काही बोलू नकोस दिवेलागणीला.” तू हसलास.

आणि मग तू ठरवलंस की हा वास बिअरमध्ये आणायचा.

मी एकदा म्हटलं होतं, “मिलिंद, डॉक्टरला दाखव.” एकदाच. तू म्हणालास, “वास येत नसता तर गेलो असतो. माझं नाक तर सुधारलंय, वहिनी.” मी गप्प बसले. का गप्प बसले, ते आता दवाखान्याच्या खुर्चीत बसून, न्हाणीत, मशीनसमोर, सगळीकडे स्वतःला विचारून झालं. उत्तर चांगलं नाही. मला त्या शोधात मजा येत होती. पंचवीस वर्षं लोकांच्या मापाने मसाला कांडणाऱ्या बाईला कोणीतरी पहिल्यांदाच म्हणत होतं की, जगात नसलेला एक वास आहे आणि तो फक्त तुम्हालाच सापडेल. मी रविवार कारंजावरच्या काष्ठौषधींच्या दुकानांत जाऊन कसल्या कसल्या मुळ्या आणल्या. धुरावर वाळवलेली वेलची वेगळी, उन्हात वाळवलेली वेगळी, असं करत बसले. तू डोळे मिटून हुंगायचास आणि म्हणायचास, “जवळ आलोय. पण नाही.” डॉक्टरचा विषय मी पुन्हा काढला नाही.

आता ते सांगते.

ती दुपार तुला आठवत असेल. वीज गेली होती. समोर एकलहऱ्याच्या चिमण्या धूर सोडत होत्या आणि आपल्याकडे अंधार, यावरून तू नेहमीचा विनोद केलास. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मशीन बंद पडलं की आमच्या दुकानात जी शांतता होते ना, कानात दडे बसल्यासारखी, ती झाली होती. तू पोत्यावर बसला होतास. बोलता बोलता थांबलास. तुझी नजर एका जागी लागली आणि उजव्या हाताची बोटं शर्टाचं बटण चोळायला लागली. मी तुला दोनदा हाक मारली. मग तू हळूच म्हणालास, “आला. वहिनी, तुम्हाला येतोय का?”

मिलिंद, मला आला.

मिरचीच्या दुकानात दुसरा कुठलाच वास येत नाही, हे तुला माहीत आहे. मला मोगरा नाकाला लावला तरी येत नाही तिथे. आणि तरी तो आला. तू म्हणायचास तसाच. थंड. धूर असून घशाला न लागणारा. आपल्या दोघांच्या मधे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची होती. सकाळपासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. पण मला असं वाटलं की आत्ता हात लावला तर ती गरम लागेल. मी हात लावला नाही.

तुला म्हटलं, “नाही रे. इथे मिरचीशिवाय काय येणार?”

तुझा चेहरा मी पाहिला. मला वाटलं होतं तुला हायसं वाटेल. तसं झालं नाही. तू पोत्यावरून उठलास, पँट झटकलीस आणि म्हणालास, “म्हणजे माझ्या एकट्याचाच.” आणि वीज आली, मशीन सुरू झालं, तू निघून गेलास.

मी घाबरले होते, एवढंच खरं कारण. हो म्हटलं असतं तर ते आपल्या दोघांच्या बाहेर कुठेतरी खरोखर असलं असतं. नाही म्हटल्यावर ते तुझ्या नाकातच राहिलं. तुला एकटं टाकून मी सुटले.

त्यानंतर पंधरा दिवसांत तू चार नंबरची टाकी भरलीस. मसाल्याची पुरचुंडी मीच बांधून दिली, मलमलच्या फडक्यात, पाच जिनसा मोजून. नवव्या दिवशी सकाळी अस्मिताचा फोन आला. तू फरशी धुताना पडला होतास आणि पाइप तुझ्या शेजारी चालूच राहिला होता. तीन दिवस तू आयसीयूत काचेपलीकडे होतास. आत सोडलं की मी तुझा अंगठा धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावून पडद्यावर तुझ्या डोक्याचं चित्र दाखवलं. कानशिलाच्या आत पांढरी गाठ, लिंबाएवढी. त्यांनी विचारलं, “ह्यांना कसले वास यायचे का? नसलेले?”

मी म्हटलं, “हो.”

“तेच लक्षण होतं,” ते म्हणाले. ओरडून नाही. साधंच म्हणाले. मी तुझ्या दादांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत.

संध्याकाळी तू गेलास.

सत्ताविसाव्या दिवशी अस्मिताने नळ उघडला. आधी फेस आला, मग काळी धार. तिने ग्लास उजेडाकडे धरला, पण आरपार काही दिसेना. मी घोट घेतला, तू शिकवला होतास तसा. लगेच गिळला नाही, तोंडात फिरवला. भाजलेलं जव आलं, कॉफी आली, मग मसाला वेलची, मग कडेने जायपत्री, शेवटी माझं कोरडं भाजलेलं दगडफूल. फार सुंदर झाली होती, मिलिंद. इतकी ताकदीची की कान गरम झाले. मी गिळली. आणि गिळल्यावर, श्वास बाहेर सोडताना, तो आला.

मागे वळून पाहिलं मी. खरंच वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि तुझा रबरी एप्रन खिळ्याला लटकत होता.

“कशी आहे?” अस्मिताने विचारलं. तिनेही ग्लास भरून घेतला होता.

“तुला शेवटी काही येतंय का? धुरासारखं?”

तिने पुन्हा घोट घेतला, डोळे मिटले. “वेलचीचा स्मोक आहे थोडा. पण शेवट एकदम क्लीन आहे.”

“अजून काही टाकलं होतं का त्याने ह्यात? माझ्या पुरचुंडीशिवाय?”

तिने तुझी वही काढली. पान दाखवलं. पाच जिनसा, माझ्याच मापाने. खाली काही नाही. “त्या दिवशी मी इथेच होते, वहिनी. दुसरं काहीच घातलं नाही.” मग तिचा आवाज बदलला. “बसता का जरा? तुम्ही पांढऱ्या पडलात.”

मी बसले नाही. एक बाटली भरून मागितली आणि घरी आले.

दादा पहिल्या पाळीवरून चारला आले. मी चहा केला नाही. ग्लासमध्ये दोन बोटं ओतली आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, “मिलिंदची शेवटची आहे. एक घोट घ्या.” मला वाटलं होतं नाही म्हणतील. पण त्यांनी ग्लास उचलला. तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. ओठही लागले नव्हते.

“हे त्याने कशाने केलंय?”

“का?”

“हा बाबांच्या खोलीतला वास आहे.”

मग ते बोलले, मिलिंद. इतक्या वर्षांत मला न सांगितलेलं आणि तुला तर कधीच न सांगितलेलं. तू पाच वर्षांचा होतास, ते चौदाचे. तुमचे बाबा जायच्या आधी दोन-अडीच महिने पिंपळगावच्या घरात खोल्याखोल्यांतून फिरायचे. दारात उभे राहून विचारायचे, “आत्ता कोण येऊन गेलं?” आई म्हणायच्या, “कोणी नाय.” ते म्हणायचे, “नाय कसं? वास तर हाय.” सगळ्यांना वाटलं बाबांना भ्रम झालाय. कोणी मांत्रिक बघ म्हणालं, कोणी काही. डोक्याचं चित्र काढायला तेव्हा तिथे कोण होतं? आणि एके दिवशी द्राक्षाच्या मांडवाखाली पडले ते पडलेच.

“आणि तुम्हाला?” मी विचारलं. “तुम्हाला तो वास कसा माहीत?”

ते ग्लासकडे बघत राहिले. “मला यायचा ना. बाबा विचारायचे, कोण येऊन गेलं, तेव्हा मला पण यायचा. मी चौदा वर्षांचा. मी कोणाला सांगणार होतो?”

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

“मिलिंद वरच्या खोलीत असताना पण येत होता,” ते म्हणाले. “गेल्या वर्षभरापासून. जिन्यावर. मला वाटलं माझंच काहीतरी. मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला तेव्हा…”

म्हणजे त्यांचा राग माझ्यावर नव्हताच. मी त्यांना दुकानातली दुपार सांगितली. खुर्चीसकट. तू काय विचारलंस आणि मी काय म्हटलं तेही. त्यांनी ऐकून घेतलं. एकाच घरात आपण तिघं, मिलिंद. वर तू, जिन्यावर ते, खाली मी. तिघांनाही तोच वास येत होता आणि जेवायला बसल्यावर आपण कांद्याच्या भावावर बोलत होतो.

“अजून येतो?” मी विचारलं.

“रोज. चारच्या सुमाराला.”

“उठा,” मी म्हटलं. “चप्पल घाला.”

“आता कुठे? उद्या बघू.”

“उद्या नाही.” मी त्यांच्या हाताला धरून उठवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा हात मी त्यांचा कधी ओढला नव्हता. रिक्षात ते म्हणाले, “बाबांचं तेच असणार, त्याचं तर निघालंच, म्हणजे माझं पण निघणार.” मी म्हटलं, “निघालं तर निघालं. पण ह्या वेळी आधी निघू दे.”

तेच डॉक्टर, तोच जिना. त्यांना मशिनमध्ये घातलं तेव्हा बाहेरच्या बाकावर मी बसले होते आणि तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. तू दुसऱ्यांदा विचारायला हवं होतंस. मी नाही म्हटलं आणि तू लगेच मानलंस! तेलासाठी तीन दिवस भांडणारा माणूस तू, आणि ह्याला लगेच मानलंस. मग वाटलं, तू मानलं नव्हतंस. तुला कळलं होतं. म्हणून तर टाकीवर ती पट्टी लावलीस. मी खोटं बोलले तर बोलले, पण घोट घेतल्यावर मला खोटं बोलता येणार नाही, हे तुला माहीत होतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. दादांच्या डोक्यात काही नाही. गाठ नाही, डाग नाही, काही नाही. त्यांनी हट्ट धरला म्हणून माझंही चित्र काढलं. तेही स्वच्छ. डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, “जवळचं माणूस गेलं की काहींना त्याचे वास येतात, आवाज येतात. होतं असं. हळूहळू कमी होईल.”

मी म्हटलं, “डॉक्टर, मला तो वास मिलिंद जायच्या आधीच आला होता.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग दाराकडे बघून पुढच्या पेशंटचं नाव घेतलं.

त्या शनिवारी अस्मिताने तुझी स्टाउट लोकांसाठी उघडली. मी संध्याकाळी कोपऱ्यात जाऊन उभी राहिले आणि पहिला घोट घेणाऱ्या एकेकाचा चेहरा बघत बसले. कोणाचाच हात थांबला नाही, कोणी मागे वळून पाहिलं नाही. एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “अगं, मसालेभाताचा वास येतोय ह्याला!” आणि दोघी खिदळल्या. तुला आवडलं असतं ते. रविवारी जेवणाच्या वेळेपर्यंत टाकी रिकामी.

घरी मात्र तो येत राहिला. चारच्या सुमाराला, जिन्यावर. फरक एवढाच पडला की आता आम्ही बोलायला लागलो. मी ओट्यापाशी असले तर दादा बाहेरून म्हणायचे, “आला गं.” मी म्हणायचे, “हो, इकडे पण.” आणि ते वर जाऊन तुझ्या खोलीची खिडकी उघडायचे. भीती वाटायची, नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात मी जिन्याकडे पाठ करून भाजी चिरायची नाही. पण रोज चारला येणाऱ्या गोष्टीला माणूस किती दिवस घाबरणार? पुढे पुढे मला त्याची वाट बघायची सवय लागली. पाच मिनिटं उशीर झाला तर मी घड्याळ बघायचे. एकदा दादा रजेवर होते, तर दोघं पायरीवर चहाचे कप घेऊन बसलो होतो. ह्याला लोक काय म्हणतील, मला माहीत नाही.

अस्मिताला तुझी स्टाउट पुन्हा करायची होती. लोक विचारत होते. ती दुकानात आली आणि पोत्यावर बसून म्हणाली, “वहिनी, पुरचुंडी तुम्हीच बांधाल का?” मी बांधली. तीच मापं, त्याच दुकानातली वेलची, दगडफूल वीस मिनिटं कोरड्या तव्यावर. तुझ्या वहीतलं एक अक्षर आम्ही बदललं नाही. तीच टाकी घेतली.

गेल्या गुरुवारी ती तयार झाली. मी गेले, ग्लास घेतला. जव आलं, कॉफी आली, वेलची, जायपत्री, दगडफूल. सगळं जागच्या जागी. मी गिळली आणि श्वास सोडला आणि थांबले.

काही नाही.

पुन्हा घोट घेतला. मग तिसरा. अस्मिता बघत होती. “सेम झालीये ना?” तिने विचारलं. तिच्या आवाजात इतकी आशा होती, मिलिंद. मागची मी असते तर हो म्हटलं असतं.

“सेम नाही,” मी म्हटलं. “पण चांगली झालीये. खूप चांगली झालीये. उघड तू.”

ती रडायला लागली आणि हसायलाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, बाटली घेतली आणि रिक्षाने घरी आले. चार वाजून गेले होते. दादा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते.

“आला होता?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. “सोमवारपासून नाही. तुला सांगितलं नाही. म्हटलं, उद्या येईल.”

मी पण सोमवारपासून काही म्हटलं नव्हतं. मी पण उद्या येईल असंच धरून चालले होते.

आम्ही वर गेलो. तुझ्या खोलीची खिडकी उघडीच होती. पलंग, टेबल, तुझी पुस्तकं, चार्जर. आत उभं राहून दोघांनी श्वास घेतला, वेड्यासारखा, छाती भरून. धुळीचा वास आला. बंद खोलीचा येतो तो. दादा पलंगाच्या कडेला बसले आणि मग आम्ही रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, रामकुंडावर अस्थी सोडताना रडलो नव्हतो, दहाव्याला, तेराव्याला पाहुण्यांचं करण्यातच गेलो. इतके दिवस तू गेलाच नव्हतास आमच्यासाठी. भीतीच्या रूपात का होईना, रोज चारला होतास. गुरुवारी तू गेलास.

खूप वेळाने मी खाली जाऊन दोन फुलपात्रं आणली. बाटली उघडली. दादांना विचारलं नाही, सरळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला, मग एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग अजून एक घेतला. मग सावकाश पूर्ण फुलपात्र संपवलं आणि पुढे केलं. मी पुन्हा भरलं.

“चांगली करायचास की रे,” ते म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे.